अंगावरची गोधडी

दारावरच्या रखवालदाराने हात पुढे केला तशी तुळसाकाकूंनी अंगावरची गोधडी उलगडली, दोन्ही बाजूंनी त्याला दाखवली आणि पुन्हा खांद्यावर घेतली. घे बाबा बघून, लपवण्यासारखं काही नाही, असा एकूण आविर्भाव होता. नऊवारी, त्यावर स्वेटर, त्यावर गोधडी. काचेच्या त्या इमारतीत ये-जा करणारी सगळी माणसं कपड्यांच्याच धंद्यातली, पण माना वळल्या त्या काकूंकडे.

शेजारी उभ्या अस्मिताला मात्र घाम फुटला होता.

अस्मिता महाडची. उंची कपडे करणाऱ्या या इटालियन कंपनीसाठी ती आपल्याकडची हातशिलाई शोधून पाठवायची. दोन वर्षांपूर्वी कंपनीला संग्रहासाठी जुनी गोधडी हवी होती, म्हणून ती पोलादपूरच्या वरच्या वाडीत काकूंच्या घरी गेली. काकू तेव्हा माहेरी होत्या. त्यांचे यजमान येसाजीकाका घरी होते. त्यांनी पाहुण्यांसाठी राखलेल्या चांगल्या गोधड्यांना हात लावला नाही. घरात वापरायची, विटलेली, सगळ्यात खालची तेवढी काढून दिली. नको ती गेली आणि हवी ती राहिली, म्हणून काका चार दिवस खुशीत होते. मग काकू परत आल्या.

ती गोधडी शकूच्या साड्यांची होती. शकू म्हणजे त्यांची मुलगी. लग्न ठरलं आणि तापाने गेली. गोधडीच्या कोपऱ्याला तिच्या साखरपुड्याच्या हिरव्या साडीचा तुकडा होता.

अस्मिताने ती परत मागून पाहिली. संग्रहात आलेली वस्तू बाहेर जात नाही, असं उत्तर आलं. मग तिने जमेल ते केलं. टाका दाखवायला म्हणून काकूंनाच इटलीत, कंपनीच्या गावी यायचं बोलावणं आणलं. निदान डोळ्यांनी बघून या, म्हणाली. काकू एका शब्दात तयार झाल्या. खरं तर तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ओळखलं ते आज सकाळी, हॉटेलात. काकूंच्या अंगावरची गोधडी तिने प्रथमच नीट पाहिली. तीच ठिगळं, तेच रंग, कोपऱ्याला हिरवा तुकडासुद्धा. काकूंनी उन्हाळाभर बसून जोडीची दुसरी शिवली होती, आणि विटावी म्हणून रोज अंगणात उन्हाला घातली होती.

"ही तिथं ठेवायची, ती अंगावर घ्यायची," काकू शांतपणे म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"काकू, ती चोरी होईल."

"माझ्या लेकीची गोधडी मी घेतली तर चोरी? बरं हाय."

अस्मिताने परोपरीने समजावलं. काकूंनी मान डोलावली, पण ती लहान मुलाचं ऐकून घेताना डोलावतात तशी.

संग्रह वरच्या मजल्यावर होता. तो सांभाळणारी रोझाल्बा साठीची, ठेंगणी बाई. बोटात शिवणकामाचं अंगुस्तान अजून तसंच. तिने हसून स्वागत केलं आणि पाहुण्याचा कोट उतरवून घ्यावा तशी काकूंच्या खांद्यावरची गोधडी अलगद उतरवून आपल्या कपाटात टांगली. अस्मिताच्या जिवात जीव आला. काकू कपाटाकडे बघत राहिल्या.

मग रोझाल्बाने खणातून शकूची गोधडी काढून टेबलावर पसरली. कोपऱ्यावर, नेमक्या हिरव्या तुकड्यावर, कंपनीने आपल्या नोंदीच्या आकड्याची पांढरी कापडी चिठ्ठी चारही बाजूंनी शिवून टाकली होती. काकूंनी त्या चिठ्ठीभोवती बोट फिरवलं.

"माझ्या शकूवरच शिवली हाय गो," त्या म्हणाल्या, आणि इतका वेळ ताठ असलेल्या बाईचा आवाज फाटला.

काय झालं, असं रोझाल्बाने विचारलं. अस्मिताने सगळं सांगितलं. साखरपुडा, ताप, येसाजीकाकांचा घोळ. सकाळचा बेत तेवढा गाळला. रोझाल्बाने ऐकून घेतलं आणि संग्रहाचा नियम तिनेही सांगितला. नियम सांगताना ती काकूंकडे बघत नव्हती.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा निरोप आला. त्यांना टाका बघायचा होता. मी इथलं आवरते, तुम्ही जाऊन या, असं रोझाल्बा म्हणाली. काकूंनी खाली साहेबांसमोर धावदोरा घालून दाखवला. साहेब खूश झाले, कॉफी झाली, फोटो झाले. काकूंचं कशातच लक्ष नव्हतं.

वर आल्या तेव्हा टेबल रिकामं होतं. खण बंद झाला होता. रोझाल्बाने कपाटातून गोधडी काढली, मागून काकूंच्या खांद्यांवर घातली, पुढे येऊन दोन्ही पदर नीट जुळवले आणि छातीवर हाताने थापटून बसवले. काकूंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग वाकून नमस्कार केला, देवळात करतात तसा.

अस्मिताला वाईट वाटलं. हरलेली बाई, तरी रीत सोडली नाही. जिने चढताना धापा टाकणाऱ्या काकू उतरताना मात्र तिच्याही पुढे होत्या. खाली रखवालदाराने गोधडी ओळखली आणि हसून वाट दिली.

गाडी निघाली. गावाबाहेर कशेडी घाटासारखीच वळणं लागली. काकू खिडकीतून मागे बघत होत्या. शेवटी कंपनीची इमारत डोंगराआड गेली.

"बरं केलंत काकू," अस्मिता म्हणाली. "तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. पण तुम्ही चोरी केली नाहीत, हे फार बरं केलंत."

काकूंनी पोटाशी धरलेला गोधडीचा कोपरा काढून तिच्या मांडीवर ठेवला. हिरव्या तुकड्यावर चिठ्ठी नव्हती. उसवलेल्या टाक्यांची भोकं मात्र चारही बाजूंनी ओळीने राहिली होती.

"मी नाय गो केली," काकू म्हणाल्या. "तिनं केली."