वळचणीची जागा

दोन फळ्या आज पुन्हा भिंतीला टेकून उभ्या होत्या. नेमक्या एर्मिराच्या जागेवर.

तिने त्या उचलून बाजूला आडव्या टाकल्या आणि बाबागाडी भिंतीलगत सरकवली. वळचणीच्या आत इथे वाराही लागत नसे, वरून बर्फही भुरभुरत नसे. अख्ख्या अंगणात एवढी एकच ऊबदार जागा. गाडीत लुआन पेंगुळला होता. तिने त्याची टोपी कानांवर ओढली, पायाने ब्रेक लावला आणि मान वळवली. तळमजल्याच्या खिडकीत हिर्वोनेन म्हातारा उभा होता. नजरानजर होताच पडद्याआड झाला.

बाळाला थंडीत बाहेर झोपवायचं, हे तिच्या मनाला आधी पटलंच नव्हतं. व्लोराला, तिच्या समुद्रकाठच्या गावी, झुळूक आली तरी बाळाच्या खोलीची खिडकी लावतात. आई फोनवर म्हणाली होती, “शिकायला पाठवलं तुला, तर अक्कल तिकडच्या बर्फात पुरून बसलीस का?” पण इथे, उत्तरेकडच्या या योएन्सू गावात, सगळ्याच आया मुलांना अंगणात झोपवत आणि स्वतः आत कॉफी पीत बसत. दवाखान्यातली नर्सही तेच सांगे. आणि लुआन घरात डोळ्याला डोळा लावत नसे, बाहेर मात्र गाढ झोपे. तेवढ्या वेळात तिचा प्रबंध पुढे सरकायचा.

फक्त हा म्हातारा नसता तर.

शरद ऋतूपासून तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. जिन्यात तिची पावलं वाजली की ती निघून जाईपर्यंत तो आपल्या दाराआड थांबून राही. आणि बर्फ जरा मऊ पडायला लागल्यापासून त्याने हे नवीन सुरू केलं होतं. ती खाली यावी, तर गाडी भिंतीपासून लांब, अंगणाच्या मधोमध, उघड्यावर ओढलेली असायची. एकदा झालं, दोनदा झालं. मग तिने त्याला दारातच गाठलं. भाषेच्या वर्गात शिकलेले शब्द जुळवून जुळवून म्हणाली, “माझ्या बाळाच्या गाडीला हात लावायचा नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यावरून वर कुठेतरी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बरं.” आणि आत गेला.

तेव्हापासून गाडी जागची हलली नाही. पण फळ्या आल्या.

तिच्या गावाकडची दोरीना इथे दोन वर्षं आधीपासून शिकत होती. ती म्हणाली, “जपून राहा गं. ही माणसं भांडत नाहीत, गप्प बसतात आणि तक्रार करतात. मग बालकल्याणच्या ऑफिसातली बाई येते, बाळ कसं ठेवलंय बघायला. नाही पटलं तर घेऊन जातात.” ते ऐकल्यापासून एर्मिरा बेल वाजली की आधी भिंगातून बघून घ्यायची. फळ्यांचं तिला तेवढं नवल नव्हतं. इथे गावात ठिकठिकाणी अशा फळ्या भिंतींना टेकलेल्या दिसत, आणि लोक मुकाट्याने वळसा घालून रस्त्यावरून चालत. एवढा टापटिपीचा देश, पण दोन फळ्या उचलून ठेवायला कुणाला सवड नाही, असं तिच्या मनात येई. पण हिर्वोनेनच्या फळ्या तिच्यासाठीच होत्या, याबद्दल तिला शंका नव्हती.

आज खूप दिवसांनी ऊन चटचटत होतं. पागोळ्या टपटप गळत होत्या. ती वर आली, लॅपटॉप उघडला, आणि दारावरची बेल वाजली.

तिने दाराच्या भिंगातून पाहिलं. हिर्वोनेन. हातात टोपी. त्याच्यामागे आणखी कुणी आहे का, ते दिसत नव्हतं. ऑफिसातली बाई असेल. तिने श्वास रोखून धरला. बेल पुन्हा वाजली, लांबच लांब. तिने दार उघडलं नाही. क्षणभराने पावलं जिना उतरून गेली. घाईघाईने.

ती धावत खिडकीशी गेली, खिडकी उघडून खाली वाकली.

गाडीशेजारी म्हातारा उभा होता. बर्फ लोटायचं रुंद पत्र्याचं फावडं त्याने दोन्ही हातांनी उचललं होतं, नेमकं लुआनच्या डोक्यावर.

जिना ती कशी उतरली ते तिचं तिला कळलं नाही. पायात नुसते मोजे होते. ती आपल्या भाषेत काहीतरी ओरडली, ब्रेकला लाथ मारली आणि गाडी हिसडून ओढली. म्हातारा बाजूला होईना. फावडं तसंच वर धरून तोही गाडीबरोबर चालू लागला, पावलाला पाऊल जुळवून, पार अंगणाच्या मध्यापर्यंत.

मागे छपरावर काहीतरी गडगडलं.

तिने वळून पाहिलं तेव्हा वळचणीची ती जागा उरलीच नव्हती. तिथे कमरेइतका ढीग होता, ओल्या, करड्या, दगडासारख्या बर्फाचा. त्यातून एका फळीचं मोडकं टोक वर आलं होतं. गावातल्या भिंतींना टेकलेल्या फळ्या आणि त्यांना वळसा घालणारे लोक तिला आठवले. लुआनने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

हिर्वोनेनने फावडं हळूच खाली ठेवलं. त्याने वर रिकाम्या छपराकडे पाहिलं, मग तिच्या भिजलेल्या मोज्यांकडे, आणि गुन्हा कबूल करावा तशा आवाजात म्हणाला, “गाडीला मी हात नाही लावला.”