सागवानी तुळई

ड्रिल तुळईत शिरलं आणि पिराजीनं दचकून वर बघितलं. सागवानात ड्रिल कुरकुरत जातं, हे चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. हे मात्र भाकरीच्या पिठात बोट घालावं तसं सुळकन आत गेलं.

“आण्णा, सागवान म्हणतासा, आणि ह्ये तर लोणीच निघालं की!” टेबलावर उभा असलेला सम्राट म्हणाला. पिराजीचा हा मुलगा कागलच्या कारखान्यात फिटर. लोखंडातलं त्याला सगळं कळायचं, लाकडातलं काही नाही.

“जुनं हाय. जुनं लाकूड असंच लागतंय,” पिराजी म्हणाला. फरशीवर पिवळट भुकटी पडली होती. ती त्यानं हळूच पायानं टेबलाखाली सारली.

माळ्याच्या तोंडाशी घडीची लोखंडी शिडी बसत होती. ओढली की खाली यायची, ढकलली की घडी होऊन वर जायची. बांबूची जुनी शिडी आईला, धोंडुबाईला, घेऊन दोनदा सरकली, म्हणून सम्राटनं ही करून आणलेली. आणि बसवायची ती आजच, कारण परवा अनुजा, त्याची बायको, तान्ह्या बाळाला घेऊन माहेराहून येणार होती आणि पाळणा माळ्यावर होता. शिडीचा सगळा भार त्या एका तुळईवर, चार बोल्टांवर.

त्या तुळईचा धोंडुबाईला कोण अभिमान! घरात कुणी पावणं आलं की पाण्याचा तांब्या देण्याआधी ती त्यांना मान वर करायला लावायची. “सागवान हाय. आमच्या ह्यांनी सोता घातलंय.” आणि तिचा नवरा पिराजी चाळीस वर्षं नुसती मान डोलवत आला होता. घर बांधताना आणलेलं सागवान त्यानं एका गिऱ्हाइकाच्या दाराला घालून टाकलं होतं आणि घराला आंब्याचं लाकूड लावलं होतं, वरून रंग देऊन. पुढं बदलू म्हणाला. ते पुढं काही आलं नाही.

चौथा बोल्ट आवळून सम्राट खाली उतरला. “आता तांदळाचं पोतं अडकवून बघू. कंपनीत टेस्ट केल्याबिगर कुणी पाय ठेवत न्हाय.”

“व्हय व्हय, पोतंच अडकव,” पिराजी घाईघाईनं म्हणाला.

धोंडुबाईनं कमरेवर हात ठेवले. “तुमच्या लाकडावर तुमचाच इस्वास न्हाय व्हय? सरका तिकडं.” तिनं खालच्या पायरीला हळदकुंकू लावलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि उजवा पाय टाकला. सम्राटला खाली बसून शिडी धरणं भाग पडलं.

दुसरी पायरी. तिसरी. वरच्या बोल्टापाशी बारीकसा आवाज झाला आणि तिथून भुकटीची धार सुटली. ती धोंडुबाईच्या पिकल्या केसांत पडत राहिली. तिला पत्ता नव्हता. सम्राटची नजर तिच्या पायांवर होती. पाहिलं ते एकट्या पिराजीनं. खाली शहाबादी फरशी होती आणि वर साठी उलटलेली बाई.

बोल्ट ढिला आहे म्हणावं का? मग सम्राट तो आवळणार आणि ही पुन्हा चढणार. आज नाही तर परवा, पाळणा उतरवायला.

“उतर!” तो ओरडला.

“का वो?” तिनं चौथ्या पायरीवरून विचारलं.

“आधी उतर तू. त्ये सागवान न्हाय.” त्यानं पुढं होऊन शिडीला हात घातला. “आंबा हाय त्यो. मीच घातलाय. पोखरलाय आतनं.”

धोंडुबाई एकेक पायरी चाचपत खाली आली. सम्राट टेबलावर चढला, स्क्रूड्रायव्हर तुळईला टेकवला आणि दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. सम्राटनं तो बाहेर काढला आणि किती तरी वेळ पँटला हात पुसत राहिला.

पिराजीला वाटलं, आता ही गल्ली डोक्यावर घेणार. घेतली असती तर बरं झालं असतं. ती नुसती घरभर बघत राहिली. दाराची चौकट, देव्हारा, भिंतीतलं कपाट. सगळं त्याच्याच हातचं होतं.

“आणि पाळणा?” तिनं विचारलं.

“पाळणा सागवानीच हाय. देवाशपथ.”

ते खरं होतं. गिऱ्हाइकाच्या दारातून उरलेलं लाकूड त्यानं जपून ठेवलं होतं आणि सम्राटच्या वेळी त्याचा पाळणा केला होता. आयुष्यात कुठल्याही कामावर त्यानं इतकी मेहनत घेतली नव्हती.

धोंडुबाईनं केसांतली भुकटी झटकली. बोटांना थोडी लागून राहिली, ती नाकाशी नेऊन हुंगली.

“सम्राट,” ती म्हणाली, “तुमच्या कंपनीत लोखंडाचा पाळणा करून मिळंल का रं?”