नव्या गाडीचं छप्पर

नवी गाडी गॅरेजमध्ये येऊन दीड महिना झाला, तरी सीटवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं.

"बघायला तिकीट लाव," एमिल आजोबा लेकाला म्हणाले. "चार पैसे तरी सुटतील."

चौकटीखाली मान वाकवून डॅरेल आत गेला आणि फडक्याने बॉनेट पुसू लागला. वोंद्रांच्या घरात ताडमाड असा तो एकटाच. बायको जनेल, मुलगी लीना आणि खुद्द आजोबा, तिघंही बुटकी.

लीनाला सोळावं लागून गाडीचा परवाना मिळाला तेव्हापासून, तिला कोणती गाडी द्यायची, हा वाद चालू होता. नेब्रास्काच्या त्या भागात पोरांची पहिली गाडी म्हणजे घरातली सगळ्यात म्हातारी गाडी. आजोबांचा हिरवा पिकअप ट्रक त्यासाठीच तर अजून तग धरून होता. डॅरेल स्वतः त्याच्यावरच शिकला होता, कुंपणाचे दोन-चार खांब पाडून. पण तो विजेच्या तारांवर काम करणारा माणूस. वादळानंतर रस्त्याकडेला उलटलेल्या जुन्या गाड्या आणि त्यांतली पोरं त्याने पाहिली होती. माझ्या पोरीला एअरबॅग हवी म्हणजे हवी, असं म्हणून तो चंदेरी रंगाची नवीकोरी गाडी घेऊन आला.

आणि पोरगी ती चालवेना. एकदा शाळेत नेली, तर सगळ्यांपासून लांब कोपऱ्यात लावली आणि दर सुट्टीत ओरखडा आलाय का ते बघून आली. मग तेही बंद. लीनाला लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काही नाही. गुरांच्या दवाखान्यात तिला काम मिळत होतं. पण दवाखाना तीस मैल लांब, आवारात शेणचिखल, आणि गुरांचे ट्रेलर वाटेल तसे वळायचे. ती रोज उद्या-उद्या करत राहिली. शेवटी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, या आठवड्यात येत नसशील तर दुसरी मुलगी ठेवते.

शुक्रवारी जेवताना आजोबा म्हणाले, ट्रक घेऊन जा. ट्रकला एअरबॅग नाही, डॅरेल म्हणाला. मग लीना ताटाकडे बघत हळूच बोलली.

"पप्पा, तू इतक्या हौसेने घेतलीस. पण तिच्यात बसले की हाताला घाम सुटतो. मला रस्ता दिसतच नाही रे, नुसती गाडी दिसते."

"मी सांगत होतो," आजोबा म्हणाले.

हे वाक्य डॅरेलला लहानपणापासून झोंबायचं. आपलं चुकलं हे बापापुढे कबूल करण्यापेक्षा तो भर वादळात खांबावर चढला असता. अर्ध्या जेवणावरून उठला आणि सकाळी कोणाशी न बोलता कामावर गेला.

शनिवारी दुपारी आभाळ हिरवट झालं. याचा अर्थ तिथलं शेंबडं पोरही सांगेल: गारा. असं आभाळ झालं की डॅरेलचा कामावरून फोन ठरलेला, गाडी आत आहे ना, दार लावा. जनेल चर्चमध्ये जत्रेसाठी कोलाचे नावाचे गोड पाव लाटायला गेली होती. लीना वरच्या खोलीत हेडफोन लावून पडली होती. आजोबा सकाळी ट्रक घेऊन कॉफी पिऊन आले होते, आणि आता कानातलं यंत्र काढून आरामखुर्चीत घोरत होते.

आवळ्याएवढ्या गारा पडल्या.

थांबल्यावर लीना आणि आजोबा अंगणात आले. जनेल परतली, तिच्या पाठोपाठ डॅरेल. नवी गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती. टपापासून बॉनेटपर्यंत खळगेच खळगे, देवी येऊन गेल्यासारखी. आणि गॅरेजमध्ये, कोरडाठाक, आजोबांचा हिरवा ट्रक.

सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या. आजोबांनी लीनाकडे पाहिलं. पोरगी पांढरीफटक पडली होती. त्या घरात किल्ल्या गाडीतच असायच्या, कोणीही हलवावं. आजोबांच्या लक्षात आलं, वेडीने म्हाताऱ्याच्या ट्रकसाठी एवढा उपद्व्याप केलाय. त्यांना एकदम भरून आलं.

"मीच," ते म्हणाले. "तुझी बाहेर काढली, माझा आत लावला. तीस वर्षं साथ दिलीय त्याने. त्याला काय गारांत मरू देऊ?"

डॅरेल भडकला. बापाला बरंच बोलला. जनेलला वाटलं, जरा जास्तच.

"पण आज तुझा फोन कसा नाही आला?" तिने विचारलं.

रेंज नव्हती, तो म्हणाला, आणि गाडीभोवती एक फेरी मारून आला. काचा शाबूत होत्या. "एअरबॅगला काय धाड भरलीय? चालेल ठणठणीत."

लीना पुढे झाली. एका खळग्यात तिने अंगठा बसवून पाहिला. मग दुसऱ्यात. आणि हसायलाच लागली.

"आता हिला कोण काय करणार आहे?" ती म्हणाली.

तिने सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा ओढून काढलं. रबरी बूट चिखलासकट मागे फेकले. बसायची उशी घेतली, दवाखान्यात फोन करून आत्ता निघतेय म्हणून सांगितलं, आणि एका हाताने टाटा करत निघालीसुद्धा. फाटकाच्या खांबाला आरसा घासला, तरी थांबली नाही. आजोबांना इतकं बरं वाटलं, की खाल्लेल्या शिव्या ते विसरून गेले.

डॅरेल अजून रस्त्याकडेच बघत उभा होता.

आजोबा ट्रक बाहेर काढायला गॅरेजमध्ये गेले. वर चढून बसले, पाय लांब केले, आणि तसेच थांबले. क्लचला पाय पोचत नव्हता. सीट पार मागे, शेवटच्या खाचेपर्यंत सरकवलेली होती.