मुंग्या न लागलेली साखर

अराबाला काही लपवायचं असलं की ती फार कामसू होते. अंगण दोनदा झाडते, धुतलेले मग पुन्हा धुते आणि सासूच्या नजरेला नजर देत नाही. असल्या सुनेपेक्षा दारातलं कुत्रं बरं, ते निदान तोंड तरी उघडतं, असं एजिर्बाचं मत होतं.

आज सकाळी एजिर्बाने बाकाखाली काठी फिरवली ती हरवलेल्या चपलेसाठी. चप्पल मिळाली नाही. प्लास्टिकची एक बाटली घरंगळत बाहेर आली. आत काळपट तपकिरी, काकवीसारखं दाट काहीतरी. वरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ही बाटली ओळखायला अक्षरं कशाला लागतात? साल्टपाँडच्या बाजारात पाववाल्या बाया कारखान्यातला हाच रंग पिठात घालतात आणि पांढरा पाव तपकिरी करून विकतात.

"अराबा! इकडे ये. आपण पावाची भट्टी कधी घातली गं?"

अराबा ओल्या हातांनी आली. तिने बाटली पाहिली आणि लुगड्याला हात पुसत राहिली.

"या रस्त्यावर लोक मक्याचं असाना प्यायला थांबतात, ते कुणाचं?"

"तुमचं, आई."

"मक्याला मोड तू आणतेस, दळतेस, आंबवतेस, उकळून गाळतेस, सगळं कबूल. पण मक्याच्या पाण्याला कुत्रं तरी विचारतं का? त्याला रंग येतो, चव येते ती मी जाळलेल्या साखरेने. रोज पहाटे धूर खाते मी. आणि तू त्यात पाववाल्यांचा रंग मिसळतेस?"

"त्यात नाही मिसळत," अराबा हळूच म्हणाली. "त्याच्याऐवजी घालते. साधी साखर, वरून दोन झाकणं रंग."

"आणि माझी साखर?"

अराबाने न्हाणीच्या मागे बोट दाखवलं.

एजिर्बा काठी टेकत तिकडे गेली. भिंतीपाशी हातभर जमीन काळीभोर झाली होती. मधोमध आजचा पाक अजून चकाकत होता. त्याच्यावर एक मुंगी नव्हती. पलीकडे पडलेल्या आंब्याच्या कोयीला मुंग्यांची रांग लागली होती, ती या काळ्या डागाला वळसा घालून गेली होती.

ती वाकली. पाकाला बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकली. नुसता कोळसा.

साखर चाखून बघायची ती नवशिक्या बायकांनी. एजिर्बाने ती आजवर कधी चाखली नव्हती. तिचं काम नाकाचं. भांड्यातला वास बदलला की त्याच श्वासाला पाणी ओतायचं, पुढचा श्वास घेईपर्यंत सगळं करपलेलं असतं. हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं, दार लावून, मरायच्या आधी एक महिना. मग तिनेही दार लावूनच घेतलं. साखर जळायची तोवर अराबा उंबऱ्याबाहेर उभी राहायची. भांडं बाहेर आलं की घ्यायची.

"कधीपासून चाललंय हे?"

"गेल्या ईस्टरला तुम्हाला ताप आला होता ना, तेव्हापासून." अराबा अडखळली. "मागच्या महिन्यात मासे जळाले, आई. सगळी गल्ली धावत आली. तुम्ही चुलीला खेटून मिरची वाटत बसला होता."

"वारा उलटा होता."

"हो, आई," अराबा म्हणाली. "वारा उलटा होता."

एजिर्बा न्हाणीच्या पायरीवर बसली.

"ऐक," ती म्हणाली. "साखर विरघळते तेव्हा वास गोड असतो. तो कुणालाही कळतो. मग धूर येतो. तेव्हा घाबरायचं नाही. मग वास असा होतो..."

तिचा हात हवेत थांबला. तिने डोळे मिटले, नाक वर केलं, खोल श्वास घेतला. काही आलं नाही. न्हाणीतला साबणसुद्धा नाही.

"मग तो असा होतो," ती पुन्हा म्हणाली.

अराबा वाट बघत उभी होती. सोळा वर्षं उंबऱ्याबाहेर उभी राहायची, तशीच.

रस्त्यावर हॉर्न वाजला. आतो टॅक्सीवाला, रोजचं गिऱ्हाईक. अराबाने पळत जाऊन मगात बर्फ टाकला, असाना ओतलं, वरून डब्यातलं दूध सोडलं. एजिर्बा मागोमाग आली. आतो उभ्या उभ्या प्याला.

"वा, मावशी! तुम्ही म्हाताऱ्या झालात, हात काही म्हातारा झाला नाही."

"लाडीगोडी बायकोला लाव. कसं झालंय ते सांग."

आतो हसला. मगाच्या तळाकडे बघत म्हणाला, "खरं सांगू? हल्ली गोडच लागतं नुसतं. पूर्वी शेवटच्या घोटाला घशात जरा कडू चटका बसायचा, तो नाही आता. पण हल्लीच्या पोरांना गोडच लागतं, मावशी. बरं केलंत."

तो गेला. अराबाने मग विसळला. मग तोच पुन्हा विसळायला घेतला.

एजिर्बाने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"पुरे. चोर आहेस तू, अराबा. माझी साखर मातीत घातलीस आणि वर्षभर तोंड उघडलं नाहीस." तिने मग बाकावर पालथा घातला. "मी सोळा वर्षं उघडलं नाही."