डोकं साफ झालं की

"हलू नकोस गं भिंगरे, फणी टोचेल," मावशी म्हणाली.

खरं तर भिंगरी हलत नव्हतीच. दिवसभर घरभर गरागरा फिरणारी ही पोर, फणी डोक्याला लागली की मावशीच्या गुडघ्यांत मान टाकून गप्प बसायची. फणी केसांतून खाली आली की समोरच्या वर्तमानपत्रावर दोन-चार उवा पडायच्या. मावशी त्या नखावर मारत नसे. शिवणकाम करणारी बाई ती. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला डाग लागला म्हणजे संपलंच!

कागदाची पुडी भिंगरीच बांधायची. "तू बस, मी मोरीत टाकून येते," म्हणत उठायची. कामाला भारी गुणी पोर.

"संपल्या का गं?" परत येऊन ती रोज विचारायची. "आता बाबा न्यायला येणार?"

"येतील हं. डोकं साफ झालं की लगेच."

असं म्हणत मावशी फणी पुसायला घ्यायची.

ताई गेली तेव्हा भिंगरी नुकती रांगायला लागली होती. भाऊजींनी तिला मावशीच्या ओटीत घातली आणि वर्षातून एकदा खेळणं घेऊन येण्यापुरते बाप उरले. मावशीचा संसार म्हणजे एक शिलाई मशीन आणि ही पोर. आता भाऊजींचं दुसरं लग्न झालं होतं, घरात तान्हं बाळ आलं होतं, आणि अचानक त्यांना थोरलीची आठवण झाली.

"इकडच्याच शाळेत घालतो तिला," ते फोनवर म्हणाले. "पण घरात बाळ आहे, उवा घेऊन नको. डोकं साफ झालं की कळव."

उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातंय!

नाही म्हणता आलं असतं का मावशीला? आलं असतं. पण पोर रोज विचारते, तिचे डोळे बापाच्या वाटेकडे लागलेत. आपण कोण मध्ये पडणारे? मावशीनं काळजावर दगड ठेवला आणि फणी हातात घेतली.

औषध झालं, कापराचं तेल झालं. चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं उकळून काढलं. संध्याकाळी डोकं पार स्वच्छ दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उवा हजर. मावशीचे नाकी नऊ आले. शाळेत भिंगरीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन ती तणतणली, तर त्या मुलीच्या आईनं तिथंच दारात लेकीचे केस उलटेपालटे करून दाखवले. ऊ नाही की लीख नाही. मावशी चेहरा पाडून परत आली. मग घोडं पेंड खात होतं तरी कुठं?

त्यात तिची लाडकी बारीक सुई हरवली.

"माझं घर आहे की भुताचं?" ती करवादली. "सुया जातात नि उवा येतात!"

भिंगरी तिच्याजवळ सरकली. "तुला माझा कंटाळा आला का गं मावशी?"

"तुझा नाही गं, तुझ्या डोक्यातल्या बिऱ्हाडाचा आलाय. एकदा ते हललं म्हणजे मी सुटले."

एरवी एवढ्यावर खिदळली असती. आज हसली नाही.

मग भाऊजींचा फोन आला. रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर शाळेतला प्रवेश जाईल. मग राहू दे तिला तिथंच, कायमची.

मावशीनं फोन ठेवला. चार दिवस फणीला हात लावला नाही, तरी पोर आपलीच. कोणाला काही कळणार नव्हतं. मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. बापाकडे जायला आसुसलेल्या लेकराला अडवायचं? तेही उवांच्या आडून?

रविवारी सकाळी तिनं कापडाची कात्री काढली. ही कात्री कापडाशिवाय कशालाही लावू देत नसे ती. भिंगरीनं दोन्ही हातांनी वेणी घट्ट धरली.

"नको ना मावशी! फणीच फिरव ना. मी अजिबात हलणार नाही."

"अगं वेडे, केस काय, परत येतील."

"केस येतील..." भिंगरी म्हणाली. वेणी सोडून दिली तिनं. उरलेलं डोकं कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं चकोट केलं. पोर आवाज न करता रडत होती. ताईसारखे दाट केस होते, वाईट वाटणारच, मावशी मनाशी म्हणाली.

दुपारी भाऊजी आले. लेकीच्या गोट्यावरून हात फिरवून म्हणाले, "झकास!"

मावशीनं तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर हात सुटले नसते. "जा हं, शहाण्यासारखी राहा," एवढंच म्हणाली आणि दार लोटलं. खिडकीच्या फटीतून तिला दिसलं, वळणावर भिंगरीनं मागं बघितलं. बंद दाराकडे बघितलं आणि पुन्हा बापाचं बोट धरलं.

मग मावशी ढसाढसा रडली. पण घर आवरायचं तर होतंच. तिनं भिंगरीची गादी गुंडाळायला घेतली.

गादीखाली प्रेसबटणांची रिकामी पुठ्ठ्याची डबी होती. मावशीनंच दिलेली, खेळायला. शेजारी हरवलेली सुई. तिनं झाकण उघडलं. आत भिंगरीच्या केसांचा मऊ पुंजका, आणि त्यात चार-पाच उवा वळवळत होत्या.

मावशीनं झाकण खिडकीच्या उजेडात धरलं. त्याला सुईनं बारीक बारीक भोकं पाडलेली होती, आतल्यांना श्वास घेता यावा म्हणून.