लिटमसची साक्ष

"पुन्हा प्यायलात, तर मी आगाशीला माहेरी निघून जाईन," असं द्वारकाने बजावल्यापासून निर्मळ गावचे भालचंद्र वाडीतून दुपारी घरी आले की स्टीलच्या ग्लासातून फक्त लिंबूपाणी प्यायचे. निदान तसं सांगायचे तरी. सर्दीने द्वारकाचं नाक बंद होतं, म्हणून रविवारी तिने तो ग्लास सरळ बारावीतल्या लेकीपुढे, नेत्रापुढे ठेवला.

"तुझ्या त्या लिटमसने बघ गं, ह्यात काय आहे ते."

नेत्राने निळा कागद ग्लासात बुडवला आणि भालचंद्रांना घाम फुटला. 'सोडियमपुढे अल्कोहोल आम्लासारखं वागतं,' असं पोरगी सकाळपासून मोठ्याने पाठ करत होती, आणि आम्लात निळा कागद लाल होतो एवढं त्यांनाही शाळेपासून ठाऊक होतं.

कागद निळाच राहिला.

"बघितलंस?" भालचंद्र खुर्चीत ऐसपैस टेकले. "उगाच संशय घेत होतीस."

द्वारका ओशाळली. नेत्राने कागद तिच्या हातात दिला.



"अल्कोहोल इतकं कमजोर आम्ल आहे, बाबा, की लिटमसला ते चढतच नाही. लिंबू असतं, तर कागद लाल झाला असता."