दोन तासांची दुरुस्ती

लॅपटॉप अकरा सेकंदांत सुरू झाला आणि तिने आधी दाराकडे पाहिलं.

तो असा सुरू व्हायला नको होता. बटण दाबलं की वीस मिनिटं काळा पडदा, मधेच पंख्याची घरघर, मग पुन्हा काळा पडदा, असा त्याचा रिवाज होता. गेले चार महिने दर रविवारी ती बाबांकडे यायची, ती त्या काळ्या पडद्याच्याच भरवशावर.

"किती वेळ लागेल गं आज?" बाबांनी दारातून विचारलं. त्यांच्या कडेवर गुंडी होती. अकरा महिन्यांची नात, आजोबांचा चष्मा तोंडात घालायच्या खटपटीत.

तिने पडदा हळूच भिंतीकडे वळवला. "दोन तास तरी."

"लागू देत की." पण बाबा हलेनात. "मी आधी जरा पुसून देऊ का तो? धूळ बसलीय. पाच मिनिटं दे माझ्याकडे."

"आल्यापासून तिसऱ्यांदा विचारताय, बाबा. धूळ नाहीये."

"बरं," म्हणत बाबा नाइलाजाने गेले. जाताना दार ओढून घेतलं.

बिघाड तसा किरकोळ होता. ती एका कचेरीतले चाळीस संगणक सांभाळायची. असली दुखणी म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. संगणक जागा होताना त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्याला काय काय जोडलंय ते बघतो आणि प्रत्येकासाठी एकेक मॉड्यूल बोलावतो. मॉड्यूल म्हणजे त्या त्या भागाशी बोलणारा छोटासा प्रोग्रॅम. बाबांच्या लॅपटॉपमधली, कॅमेऱ्याचं कार्ड घालायची खाच कधीच मेली होती. तिचं मॉड्यूल मात्र भारी इमानी. दर वेळी हजर व्हायचं, मेलेल्या खाचेला हाका मारत बसायचं, आणि बाकी सगळे ताटकळायचे. उपाय एका ओळीचा. त्या मॉड्यूलचं नाव काळ्या यादीत लिहायचं, की सुरुवातीला त्याला बोलावणंच जात नाही.

हे तिला पहिल्याच रविवारी दहा मिनिटांत कळलं होतं. ओळ लिहिण्याआधी क्षणभर डोळे मिटावेत म्हणून तिने टेबलावर डोकं टेकलं, ते दोन तासांनी उचललं. गालावर कळफलकाची नक्षी उमटली होती. बाबांनी त्या नक्षीकडे पाहिलं आणि विचारलं, "सापडलं का काही?"

"थोडं राहिलंय. पुढच्या रविवारी बघते."

ती ओळ तिने अजून लिहिली नव्हती. गुंडी झाल्यापासून सलग झोप तिला मिळायची ती फक्त या टेबलावर. 'मला जरा झोपू द्या' म्हणायला तिची जीभ रेटत नसे. 'दुरुस्ती चाललीय' म्हटलं की मात्र सगळं घर चवड्यांवर चालायचं.

आणि आता हा शहाणा आपणहून बरा होऊन बसला होता. बाबांनी पाहिलं की संपलं. पुढच्या रविवारी काय दुरुस्त करायचं, पायपुसणं?

त्याला पुन्हा आजारी पाडणं भाग होतं. एखाद्या अपडेटने केलं असेल हे, असं स्वतःला समजावत तिने काळ्या यादीची फाइल उघडली.

ओळ तिथे होती. मॉड्यूलचं नाव, काना-मात्रेचा फरक नाही. आणि त्याखाली # चिन्हाने सुरू होणाऱ्या कितीतरी ओळी. हे चिन्ह आधी असलं की संगणक ती ओळ सोडून देतो. ती माणसांनी वाचायची असते.

बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतून सुईने बारीक नोंद कोरायची, कधी उघडलं, काय केलं, ही त्यांची सवय. इथेही त्यांनी तेच केलं होतं.

# पहिला सोमवार. पुस्तक आणून वाचले. ओळ लिहिली. उत्तम चालतो.
# रविवार. ती यायच्या आधी ओळीला चिन्ह लावले. लगेच बंद पडला. झोप १ तास ५० मिनिटे.
# सोमवार. चिन्ह काढले.
# रविवार. चिन्ह लावले. झोप १ तास १० मिनिटे. गुंडी रडली. चूक माझी, लांब न्यायला हवी होती.
# सोमवार. चिन्ह काढले.
# रविवार. चिन्ह लावले. झोप २ तास २० मिनिटे. घोरली.

यादी अशीच खाली खाली गेली होती, चार महिने. आजची नोंद तेवढी नव्हती. आज गुंडी पहाटेच उठली म्हणून ती तासभर आधी येऊन धडकली होती, आणि बाबांना बिचाऱ्यांना धूळ पुसायला सवडच मिळाली नव्हती.

तिने त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. अक्षरं पुसट दिसू लागली तशी तिने ओढणीने डोळे टिपले, आणि 'घोरली' हा शब्द पुन्हा एकदा नीट वाचला.

दाराबाहेर पावलं थबकली. "तोच बिघाड का गं?" बाबांचा आवाज जरा चाचरत आला.

"तोच, बाबा."

बाहेर कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. "मग सावकाश कर. घाई केली की यंत्रं रुसतात."

तिने ओळीच्या आधी चिन्ह लावलं. यादीच्या तळाशी आणखी एक नोंद टंकली, फाइल जतन केली, आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. काळा पडदा आला तसं तिने टेबलावर डोकं टेकलं.

# रविवार. आज चिन्ह मी लावले. झोप अडीच तास धरा. आणि मी घोरत नाही.